अंगठ्याची हवा

तारेझियाच्या तोंडून आजवर कुणी आकडा ऐकला नव्हता. चाकात हवा किती भरू, असं गिऱ्हाइकानं विचारलं की ती टायरवर उजवा अंगठा रोवायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची, "महिन्याचं." नाहीतर, "तीन महिन्यांचं." नवखा माणूस कावराबावरा होऊन इकडेतिकडे बघायचा. आमच्या बादिया खोऱ्यातल्या माणसाला मात्र हे समजावून सांगावं लागत नसे. तो मान डोलवायचा, सायकल घ्यायचा आणि डोंगराच्या रस्त्याला लागायचा.

हे महिने चीजचे. तारेझियाची आई मेना तीस उन्हाळे वरच्या कुरणावर राहून चीज करायची, आणि नऊ वर्षांची तारेझिया फळ्यांवर मांडलेल्या चीजच्या गोल चाकांवरून अंगठा दाबत फिरायची. ताजं चीज दबतं, आणि अंगठा काढला तरी खळगा राहतो. महिन्याचं दबतं आणि लगेच वर येतं. तीन महिन्यांचं जेमतेम दबतं. वर्षाचं दबतच नाही. पुढे लग्न करून ती मेर्खच्या वर्कशॉपात आली, तेव्हा तिनं तेच माप टायरला लावलं. पुढचं चाक महिन्याचं, मागचं तीन महिन्यांचं, आणि डांबरी रस्त्यानंच जाणाऱ्या भित्र्याला वर्षाचं. यंत्र लावून तपासायला आलेल्या दोनचार शहाण्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती म्हणतात.

मेर्ख गेला त्याला बारा वर्षं झाली. दुकान आता बंद होणार, असं गावानं परस्पर ठरवूनही टाकलं होतं. तारेझियानं आठव्या दिवशी दार उघडलं, आणि सांत्वनाला आलेल्या पहिल्याच माणसाला, तुझ्या स्कीच्या कडा इतक्या बोथट झाल्यात आणि तू इथं उसासे काय टाकतोयस, म्हणून फैलावर घेतलं. अशी बाई. हिवाळ्यात स्कीच्या पोलादी कडा कानशीनं घासायच्या, उन्हाळ्यात सायकली दुरुस्त करायच्या. चाळीस हिवाळे ती कानशीच चालवत आली.

मग बॅटरीच्या डोंगरी सायकली आल्या, आणि ज्या चढावर धडधाकट माणसाच्या तोंडाला फेस यायचा तिथून सत्तरीतल्या आजीबाई गप्पा मारत जाऊ लागल्या. लोकांना वाटलं, चला, काम सोपं झालं. तारेझियाला मात्र घोर लागला. साधी सायकल बारातेरा किलोची. ही चोवीस किलोची, वर माणूस, शिवाय मोटरचा हिसका. हवा कमी पडली तर रिम दगडावर आपटते, वळणावर टायर रिममधून निसटतो. जास्त झाली तर ओल्या मुळांवरून चाक सरकतं. या दोहोंमधली जागा अगदी थोडी. "डोक्यातली हवा कमी करा आणि चाकातली बरोबर ठेवा," असं ती पाहुण्यांना तोंडावर सांगायची, आणि पाहुणे त्यावर खूश व्हायचे.

इल्दा ही तिची एकुलती एक मुलगी. वय बत्तीस, चार वर्षांपासून सायकल-वाटाडी. पाहुण्यांना वर घेऊन जायचं आणि हातपाय शाबूत परत आणायचं, हा तिचा धंदा. तिनं आईच्या मागे लकडा लावला होता, हवा मोजायचं एक चांगलं यंत्र घे, काटा नको, आकडे दाखवणारं घे. तारेझिया म्हणाली होती, "माझ्या अंगठ्याला सेल लागत नाहीत." हे वाक्य खोरंभर झालं. इल्दानंही शेवटी हात टेकले आणि आपल्या माहितीपत्रकावर आईच्या अंगठ्याचा फोटोच छापला.

आणि या मार्चमध्ये तो अंगठा मेला.

मेला म्हणजे दिसायला होता तसाच होता. जवसाचं, छे, जवाचं सूप वाडग्यात ओतताना तिचा अंगठा उकळत्या सुपात बुडाला होता, आणि ते तिला कळलं कातडी लाल झालेली दिसली तेव्हा. दुखलं काहीच नाही.  मग महिनाभर तिनं थंडीवर ढकललं, वयावर ढकललं, कानशीवर ढकललं. खाली ब्रुनेक शहरातल्या डॉक्टरांनी मनगटातली शीर दबली आहे असं सांगितलं. शस्त्रक्रिया करा, वेळ घालवू नका, कदाचित संवेदना परत येईल, कदाचित नाही. तारेझियानं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि हिवाळ्याआधी बघू म्हणाली. घरी काही बोलली नाही. बोलणार काय? खोरं ज्या अंगठ्याची शपथ घेतं तो अंगठा आता टायरवर ठेवला काय आणि टेबलावर ठेवला काय, सारखंच.

त्याच दिवशी येताना तिनं ब्रुनेकमध्ये, जिथं तिला कुणी ओळखत नव्हतं अशा दुकानातून, आकडे दाखवणारं यंत्र विकत घेतलं. वर्कशॉपच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, स्कीला लावायच्या मेणाच्या डब्याआड लपवलं. मग तिचा एक चोरटा दिनक्रम सुरू झाला. सकाळी लवकर यायचं, दार आतून लावायचं, एकेका चाकाची हवा यंत्रानं मोजून ठेवायची, यंत्र परत डब्याआड. गिऱ्हाईक आलं की डोळे मिटून त्याच चाकावर अंगठा रोवायचा आणि महिना सांगायचा. लोक पूर्वीसारखेच मान डोलवायचे. तिला प्रत्येक वेळी स्वतःची शरम वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेच करायची. असा अख्खा उन्हाळा गेला, आणि एकही चाक चुकलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इल्दाच्या सायकलीला नवे टायर घालायचे होते. त्यावरून मायलेकींचं आधीच वाजलं होतं. इल्दाला पातळ भिंतीचे, म्हणजे बाजूचं रबर पातळ असलेले हवे होते. ते हलके, बॅटरी जास्त पुरते, संध्याकाळच्या फेरीलाही सायकल नेता येते. तारेझियानं साफ नकार दिला. रोआच्या उताराच्या वाटेवरचे दगड सुरीसारखे धारदार आहेत, मोटरचा हिसका पातळ भिंत फाडून टाकतो, तुला बॅटरी वाचवायची आहे की मान, असं तिनं विचारलं. शेवटी तिचंच खरं झालं. दोन्ही टायर दुहेरी जाड भिंतीचे आले. पुढचा मऊ रबराचा, उंच गुठळ्यांचा, म्हणजे वळणावर जमीन धरून ठेवणारा. मागचा कडक रबराचा, म्हणजे मोटरनं लवकर न झिजणारा. निवड अगदी बिनचूक होती. ते मी आजही सांगेन.

त्या दिवशी सकाळी सातला दार लावून तिनं मागचं चाक तयार केलं, यंत्रानं मोजलं. पुढचा टायर रिमवर चढवला, आत टायरचं पांढरं दूध ओतलं, छिद्र पडलं तर ते आपोआप बुजवणारं. कॉम्प्रेसरची नळी लावणार तोच दारावर थाप पडली. इल्दा ठरल्यापेक्षा तासभर आधी आली होती, आणि सोबत पादोव्ह्याच्या बेत्तिनबाई. या तिकडच्या नोटरी, पन्नाशीच्या, उत्साही, सलग तिसरं वर्ष यायचं त्यांचं. आल्या आल्या त्यांनी फोन उंच धरला.

"आईला सगळं आवरू द्या," इल्दा म्हणाली.

"छे हो, आवरलेलं काय बघायचं? मला अंगठाच बघायचाय. घरी सगळ्यांना सांगून आलेय मी."

ड्रॉवर तारेझियाच्या गुडघ्याला लागून होता. हात खाली नेला असता तर यंत्र हाताशी आलं असतं. पण फोनचा डोळा तिच्यावर रोखलेला होता, आणि इल्दा दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. तारेझियानं नळी लावली. हवा भरत गेली, टायरच्या कडा दोनदा टाक टाक करत रिममध्ये बसल्या. आता हवा चांगली तीन बार दाबावर गेली होती, ती सोडून बेताची करायची. कॉम्प्रेसरचा काटा पाठीमागे होता, मान वळवली असती तर फोननं टिपलं असतं. तिनं व्हॉल्व्हची सुई दाबली, हवा फुसफुसत बाहेर येऊ लागली, आणि तिनं अंगठा टायरवर ठेवला.

काहीच कळलं नाही. कडक आहे एवढंच मनगटाला जाणवलं. आणखी सोडली. तरी कडकच. जाड भिंत मुळातच दबत नाही, चांगल्या अंगठ्यालाही चकवते, आणि हा तर लाकडाचा अंगठा.  बाईंचा फोन अजून तसाच. तारेझियानं आणखी हवा सोडली, मग आणखी थोडी, आणि अंदाजपंचे सुई सोडून दिली. डोळे मिटले.

"महिन्याचं," ती म्हणाली.

बेत्तिनबाईंनी टाळ्या वाजवल्या. इल्दानं आईकडे क्षणभर पाहिलं, काही बोलेलसं वाटलं, पण तिनं सायकल उचलली. सव्वाआठला दोघी गेल्या.

पुढची सायकल भाड्याची होती, तिलाही त्याच जातीचा जाड टायर घालायचा होता. वर्कशॉप आता रिकामं होतं. तारेझियानं टायर चढवला, हवा भरली, मग मुद्दामच अंगठ्यानं सोडली, सकाळसारखी, सकाळच्याच अंदाजानं. मग ड्रॉवर उघडून यंत्र लावलं. आकडा उमटला. शून्य पॉइंट सात.

हवं होतं एक पॉइंट चार. तिनं यंत्र झटकलं, पुन्हा लावलं. तेच. कॉम्प्रेसरच्या काट्यावर पाहिलं. काटाही तेच म्हणाला. म्हणजे इल्दाच्या पुढच्या चाकात निम्मीच हवा, कदाचित त्याहूनही कमी, कारण वर्कशॉप उबदार आणि बाहेर गवतावर दहिवर गोठलेलं. आणि इल्दा निघाली होती रोआला. खिंडीपलीकडे दगडगोट्यांच्या उतारावरून अकरा वळणं उतरायची, सातव्या वळणाखाली थेट घळ.  तारेझियानं वर पाहिलं.

घड्याळात आठ पस्तीस. दोघी आता तारेवरच्या पाळण्यातून वर पोचल्या असतील. तिथून कुरण ओलांडून खिंडीपर्यंत वीस मिनिटं. खिंडीपर्यंत फोन लागतो, पलीकडे नाही. म्हणजे वीस मिनिटं हातात होती. फोन करायचा आणि म्हणायचं, थांब, पुढच्या चाकात हवा कमी आहे. एवढंच. पण इल्दाचा फोन हँडलवर अडकवलेला असतो आणि आवाज बाहेर ऐकू येतो. बाई ऐकणार. मघाची टाळी त्यांच्या फोनमध्ये आहे. जाताना हॉटेलात सांगतील, उद्या खोरं सांगेल. आणि मुलगी विचारेल, आई, अंगठ्यानं हवा कमी कशी झाली?

तारेझियानं फोन उचलला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. असं करण्यात पाच मिनिटं गेली. पाच मिनिटं. या पाच मिनिटांसाठी ती स्वतःला आजही माफ करत नाही, आणि मला विचाराल तर करूही नये.

शेवटी तिनं फोन लावला. दुसऱ्या घंटीला इल्दानं उचलला. वारा ऐकू येत होता, मागे बाईंचं हसणं.

"बोल आई."

तोंडावर आलेलं वाक्य तारेझियानं गिळलं. "तू डबा विसरलीस," ती म्हणाली. "परत ये."

"डब्यासाठी परत येऊ? खानावळीत खाऊ आम्ही."

"इल्दा, ये म्हणते ना."

"आई, बाईंना दुपारची गाडी आहे. संध्याकाळी बोलू." आणि फोन बंद झाला.

तारेझियानं पुन्हा लावला. वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला. आई डब्यावरून कटकट करतेय म्हणून पोरीनं आवाज बंद करून टाकला असणार. तिला दोष कसा द्यायचा? डबा तर टेबलावर नव्हताच, मुळात केलाच नव्हता.

मग मात्र तिनं यंत्र खिशात कोंबलं, स्वतःची जुनी ई-बाईक बाहेर ओढली आणि दार उघडं टाकून पाळण्याकडे सुटली. बॅटरीत दोनच रेघा होत्या. पाळण्याच्या खालच्या टोकाला इयाको कामाला होता, शाळेत तिच्या वर्गातला, खोऱ्यातल्या बातम्या ज्याच्या खिशात असतात असा. त्याला पाहिलं की ती एरवी रस्ता बदलायची.

"काय गं, अंगठा फिरायला निघाला वाटतं आज?" तो म्हणाला.

"वरच्या टोकाला फोन कर. इल्दाला थांबवायला सांग."

"अगं, त्या तर केव्हाच गेल्या. काय झालं काय?"

पाळणा फिरत होता, एक डबा समोरून सरकून गेला. तारेझिया म्हणाली, "माझा अंगठा मेलाय, इयाको. मार्चपासून. मला त्यात काहीच जाणवत नाही. पोरीच्या पुढच्या चाकात हवा नाही आणि ती रोआला गेलीय."

 इयाकोनं तिची सायकल डब्यात चढवली, दार लावलं, आणि डबा निघता निघता फोन कानाला लावला. डोंगराच्या अर्ध्या वाटेवर तिचा फोन वाजला, इयाकोचा. वरच्या माणसानं दोघींना नऊच्या सुमारास खिंड ओलांडताना पाहिलं होतं. रोआच्या पायथ्याच्या खानावळीत त्या अजून पोचल्या नव्हत्या.

"आतापर्यंत पोचायला हव्या होत्या का?" तिनं विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

"बाई फोटो काढत बसल्या असतील," इयाको म्हणाला. मग थांबून म्हणाला, "बचावपथकाला सांगू?"

"सांग."

"काय झालं म्हणून सांगू?"

"मी सांगितलं तेच सांग."

डब्यात ती एकटी होती. पाळण्याला घाई नसते, तुमच्या पोरीचं काय व्हायचं ते होवो, तो आपला ठरल्या वेगानं चढतो. तारेझियानं डाव्या हातानं उजवा अंगठा धरला आणि पिरगाळला. जोर लावून पिरगाळला. दुसऱ्या कुणाचा तरी अंगठा पिरगाळतोय असं वाटलं. तिला रडू आलं, आणि रडण्याचाही राग आला.

वरच्या टोकाहून तिनं मोटर पूर्ण जोरावर टाकली. एका सावलीच्या वळणावर वाट ओली होती आणि त्या चिखलात दोन सायकलींचे माग उमटले होते. ती थांबली. एक बाईंचा, भाड्याच्या सायकलीचा, नीट अरुंद. दुसरा नव्या टायरचा. त्याचा पुढचा ठसा रुंद पसरला होता. वळणावर झुकल्याशिवाय जमिनीला न लागणाऱ्या कडेच्या गुठळ्यासुद्धा सरळ वाटेवर उमटल्या होत्या. अंगठ्याला जे कळलं नाही ते चिखलात छापून ठेवलेलं होतं. तिला आता यंत्राची गरज नव्हती.

खिंडीतल्या लाकडी क्रूसाजवळ कुणी नव्हतं. बाई फोटो काढायला थांबल्या असतील ही आशाही गेली. तारेझिया रोआला लागली. ब्रेक तर्जनीनं धरायचा असतो, आणि तिची तर्जनीही अर्धी बधिर होती. किती दाबतोय ते कळत नव्हतं, चाक कधी घसरायचं, कधी जागीच आवळायचं. दगड खळखळत खाली जायचे. पहिलं वळण, दुसरं. तिसऱ्यावर तिचा पाय जमिनीवर आपटला. ती एकेक वळण मोजत होती आणि सातव्याचं नाव मनातसुद्धा घेत नव्हती. पाचव्या वळणानंतर दगडांवर पांढरे थेंब दिसले. टायरचं दूध. आधी थेंब, मग शिंतोडे, मग एका चपट्या दगडावर सगळं सांडलेलं.

"इल्दा!" ती ओरडली.

सहाव्या वळणावर आधी बेत्तिनबाई दिसल्या. हेल्मेट मांडीवर घेऊन बसल्या होत्या, तोंड पांढरंफटक. त्यांच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला, खुज्या पाइनच्या झुडपाला टेकून इल्दा बसली होती. डावा हात जॅकेटात बांधलेला, गालावर खरचटलेलं. डोळे उघडे होते. आईकडे बघत होती.

सायकल दिसत नव्हती. वाटेची कड एका ठिकाणी ढासळली होती, आणि सातव्या वळणाच्याही खाली, घळीत, निळा रंग चमकत होता.

तारेझियानं आपली सायकल तशीच टाकली आणि पोरीजवळ गुडघ्यांवर बसली. चेहरा चाचपला, मान चाचपली, डाव्या हातानं. खांदा निखळला असावा, इल्दा म्हणाली, बाकी ठीक आहे. वळणावर टायर रिममधून निघाला, हँडल हातातून सुटलं, तिनं स्वतःला डोंगराकडे झोकून दिलं. सायकल दुसरीकडे गेली. हे सगळं ती पाहुण्यांना वाट समजावून सांगावी तसं सांगत होती.

"माझ्यामुळे झालं," तारेझिया म्हणाली. "मला अंगठ्यात काही जाणवत नाही, इल्दा. मार्चपासून."

"मला माहितेय."

तारेझियाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"एप्रिलमध्ये तू गरम तवा नुसत्या हातानं उचललास," इल्दा म्हणाली. "तेव्हाच कळलं. मग मी तुझं प्रत्येक चाक बाहेर नेऊन गुपचूप मोजायची. तुला वाईट वाटू नये म्हणून. जूनमध्ये मेण शोधताना मला तुझ्या ड्रॉवरमध्ये यंत्र सापडलं. इतकं हायसं वाटलं मला, आई. म्हटलं, चला, ही मोजतेय. त्या दिवसापासून मी तपासायचं सोडलं."

वारा नव्हता. खाली कुठेतरी दगड सुटून घळीत गेला, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"आज हँडल जड लागत होतं," इल्दा म्हणाली. "कुरणातच वाटलं, उतरून बघावं. मग म्हटलं, नवं रबर आहे, आणि आईनं कॉम्प्रेसरच्या काट्यावर चोरून मोजलंच असेल."

 तारेझियानं मुलीच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि इल्दानं चांगला हात तिच्या केसांवर ठेवला.  बेत्तिनबाई लांब बघत बसल्या होत्या, फोन त्यांच्या खिशातच होता. एवढं मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

खालून बचावपथकाची शिट्टी ऐकू आली. माणसं पायी चढत होती, वीसेक मिनिटांत पोचली असती. इल्दाला ते नेणार. पण बाईंची सायकल धड होती, आणि उरलेल्या पाच वळणांपैकी दोन तरी बसूनच उतरावी लागतात, कारण तिथं वाट इतकी अरुंद की सायकल बाजूनं धरून चालायला जागाच नाही. बाई उठल्या, सायकलीजवळ गेल्या, आणि तिला हात न लावता उभ्या राहिल्या.

"तारेझिया," त्या हळूच म्हणाल्या, "रागावू नका. पण माझ्या चाकांत हवा बरोबर आहे का?"

तारेझिया उठली. बाईंच्या पुढच्या चाकाशी वाकली, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं तिचा उजवा अंगठा टायरकडे गेला. टायरला टेकला. बाई बघत होत्या, इल्दा बघत होती.

तिनं अंगठा काढून घेतला. खिशातून यंत्र काढलं. बधिर बोटांना व्हॉल्व्हचं टोपण सुटेना, दोनदा निसटून दगडांत पडलं. तिनं ते शोधलं, दातांत धरलं, यंत्र व्हॉल्व्हवर दाबलं आणि डोळे उघडे ठेवून आकडा उमटायची वाट पाहिली. मग टोपण तोंडातून काढलं.

"पुढे एक पॉइंट पाच," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आणि मागच्या चाकाकडे वळली.